लेकराला सायकलवर कुठं बसवावं – पुढं दांडीवर की मागं कॅरिअरवर?

शेवंती
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून इथं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही परभणीत राहतो. लेक मनू अडीच वर्षांची आहे, परवा वजन केलं तर साडेबारा किलो भरली. जूनपासून तिला बालवाडीत घालायचंय. घरापासून बालवाडी सव्वादोन किलोमीटर, तिथून माझं ऑफिस आणखी एक. आमचे हे सकाळी सातच्या आतच गाडी घेऊन जिंतूरला जातात. ऑटोत लेकरं कशी बसवतात ते रोज बघते, मागच्या फळीवर, पाय बाहेर सोडून. मन धजत नाही. माझी सव्वीस इंची चाकाची लेडीज सायकल आहे, ऑफिसला तिच्यावरच जाते. तर मनूलाही तिच्यावरच न्यायचं ठरवलंय.

अडलंय सीटपाशी. बाजारात दुकानदारानं लोखंडी बेबी सीट दाखवली. रेक्झिनची गादी, पुढं धरायला दांडा, खाली दोन पट्ट्या आवळायच्या. पण माझ्या सायकलला आडवी दांडीच नाही. तो म्हणतो, "ताई, बसवून देतो की, तुम्ही कशाला काळजी करता?" दुसरी, ऑनलाइन मिळते ती प्लास्टिकची, उंच पाठीची, मागं बसणारी. तिची किंमत बघून दोनदा मोबाईल खाली ठेवला. आणि आमच्या गल्लीतले वेल्डिंगवाले मामा म्हणतात, कॅरिअरवर खुर्ची करून देतो, हत्ती बसला तरी हलायची नाही.

सासूबाईंचं म्हणणं, पुढंच बसव, लेकरू डोळ्यासमोर राहतं. खरं सांगू का, मलाही तेच वाटतंय. रस्ता सपाट आहे, पण तीन गतिरोधक आहेत आणि पावसाळ्यात दोनशे मीटर नुसता काळ्या मातीचा रबडा होतो. लेडीज सायकलवर कुणी सीट बसवली असेल तर मुद्दाम सांगा.

मांजराकाठ
पुढंच बसवा! वडलांची चोवीस इंची काळी सायकल, दांडीवर टॉवेलची घडी, गंजगोलाईला चक्कर आणि घंटी वाजवायचा मान माझा. तेव्हा लातूरचं सगळं जग मी त्या दांडीवरून बघितलं. वडलांची हनुवटी डोक्याला लागायची, दाढी टोचायची. मागं बसलेल्या लेकराला नुसती आईची पाठ दिसते.

पिवळीज्वारी
मांजराकाठ +१. घंटीचा मान आमच्याकडं दोघा भावांत वाटून घ्यावा लागायचा. जाताना त्याचा, येताना माझा.

डबलसीट
शेवंतीताई, आमचं नांदेडला सायकलचं दुकान आहे, वडलांच्या काळापासूनचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सीट नंतर बघा, सायकल आधी बघा.

ती लोखंडी सीट जेन्ट्स सायकलसाठी केलेली असते. तिच्या दोन्ही पट्ट्या आडव्या दांडीला सपाट धरतात. लेडीज सायकलची नळी उतरती असते. तिच्यावर पट्टी आवळली तर आठ दिवसांत सरकते, नाहीतर कडेला फिरते. रबर घाला, वायसर घाला, कितीही पिळा. लेकरानं पाय झाडले की फिरणारच. दुकानात येऊन लोक म्हणतात बसवून द्या, मी देत नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

आता मागची. तिच्यात दोन प्रकार येतात. एक कॅरिअरवर बसते. दुसरीला कॅरिअर लागत नाही. तुमच्या सीटखालच्या उभ्या नळीला एक ठोकळा आवळायचा, त्यातून दोन वाकवलेल्या सळया मागं येतात आणि सीट त्या सळयांवर अधांतरी राहते. खड्ड्यात सळया थोड्या लवतात, त्यामुळं लेकराला दणका कमी बसतो. पण ठोकळ्यासाठी नळी गोल पाहिजे आणि बहुतेक सीटांना ती २८ ते ४० मिलिमीटर जाडीची लागते. मोजायला साधी युक्ती सांगतो. नळीभोवती दोरा गुंडाळा, जिथं मिळतो तिथं पेनाची खूण करा आणि पट्टीवर ठेवा. ८८ ते १२५ मिलिमीटरच्या मधे आलं तर जमलं. लेडीज सायकलची उतरती नळी या उभ्या नळीला जिथं मिळते, त्याच्यावर किती जागा मोकळी आहे तेही बघा. बऱ्याच सायकलींचं गाडं तिथंच अडतं.

कॅरिअरवर बसवायची असेल तर कॅरिअर हलवून बघा. त्याच्यावर वजनाचा आकडा कोरलेला असतो, २५ किलो वगैरे. आकडाच नसेल आणि पट्ट्या बोटानं वाकत असतील तर ते कॅरिअर डबा ठेवायला आहे, लेकराला नाही. मनूचे साडेबारा अधिक सीटचे साडेतीन-चार धरा, सोळा-साडेसोळा किलो कायमचे आणि खड्ड्यात त्याच्या कितीतरी पट.

अजून एक. चांगल्या सीटवर बाजूला एक खूण असते, वजनाचा मध्य दाखवणारी. ती मागच्या अॅक्सलच्या दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त मागं जाऊ देऊ नका. गेली तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात राहत नाही.

शेवंती
डबलसीट दादा, किती छान समजावून सांगितलं. आत्ताच दोरा घेऊन बसले, मनू दुसरं टोक धरून. घेर ९० आला. म्हणजे बसते? मोकळी जागा मात्र चारच बोटं आहे. कॅरिअरवर आकडा कुठंच सापडला नाही, दिवा लावून बघितलं.

डबलसीट
घेर जमला, काठावर का होईना. चार बोटं म्हणजे सहा-सात सेंटिमीटर. ठोकळ्याची उंची दुकानदाराला विचारूनच घ्या, ती सीटेगणिक वेगळी असते. आकडा नसलेलं कॅरिअर सोडून द्या.

उदगीरचा_अण्णा
मंडळी, उगं बाऊ करायलात. आम्ही सहा भावंडं दांडीवर, कॅरिअरवर, कधी कधी दोघं पुढं आणि एक मागं, अशी मोठी झालो. कुणाला काही झालं नाही. ना हेल्मेट, ना पट्टा. लेकराला धरायला शिकवा, ते धरतं. एवढा पैसा घालण्यापेक्षा हप्त्यावर स्कूटी घ्या, ऊन लागत नाही आणि वेळ वाचतो.

बालाघाट
अण्णा, आदर ठेवून बोलतो, मी हाडांचा डॉक्टर आहे. तुमच्या घरात कुणाला झालं नाही हे चांगलंच आहे. पण ज्यांना झालं ती लेकरं आमच्याकडं येतात. शाळा सुरू झाल्या की येतात, जत्रेच्या दिवसांत येतात, आणि सगळ्यांची गोष्ट एकच असते. "कॅरिअरवर बसलं होतं साहेब, पाय चाकात गेला."

आत काय होतं ते नीट सांगतो. लेकराचे पाय दोन्ही बाजूंना लोंबत असतात. वळणावर, नाहीतर झोप आली की, टाच आत जाते. चाकाच्या तारा पाय ओढून नेतात आणि तो तारा आणि मागच्या नळीच्या मधे चेंगरतो. चालवणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलं, म्हणून तो पायडलवर आणखी जोर देतो. टाचेच्या मागची कातडी खरवडली जाते, कधी खालची शीर उघडी पडते, कधी घोट्याजवळचं हाड मोडतं. पहिल्या दिवशी नुसतं खरचटल्यासारखं दिसतं. घरचे हळद लावून बांधतात. तीन-चार दिवसांनी तीच कातडी काळी पडते आणि मग दुसरीकडची कातडी काढून लावायची वेळ येते. टाचेला मांस कमी, कातडी पातळ, जखम भरायला महिने लागतात. दोन ते आठ वर्षांची लेकरं यात जास्त असतात. म्हणजे मनूच्याच वयाची.

म्हणून शेवंतीताई, सीट निवडताना पाठीची उंची, रंग, गादी सगळं नंतर. आधी पाय बघा. पायासाठी खोल खोबण आहे का, पावलावर बांधायचा पट्टा आहे का, चाकाच्या बाजूला सलग भिंत आहे का. लेकरू सीटमध्ये बसवा, पट्टा सोडा आणि तुमच्या हातानं त्याचा पाय चाकाकडं ढकलून बघा. तारेला बोट लागलं तर ती सीट नको. मामांची लोखंडी खुर्ची असो की ऑनलाइनची, कसोटी हीच.

आणि कधी कुणाचा पाय अडकलाच तर ओढू नका, सायकल पुढं ढकलू नका. चाक हळूच उलटं फिरवून बघा, नाही सुटलं तर पकडीनं तारा तोडा. तार स्वस्त आहे. जखमेवर नळाचं स्वच्छ पाणी भरपूर सोडा, स्वच्छ कापड बांधा आणि त्याच दिवशी दाखवा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही लावू नका.

मांजराकाठ
डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. माझ्या चुलत भावाच्या टाचेला असाच पांढरा डाग आहे, अजून. आम्ही त्याला लहानपणी त्यावरून चिडवायचो. आता वाईट वाटतंय.

रानवारा
माझा अनुभव चाकाचा नाही, उभ्या सायकलचा आहे. आम्ही जालन्याला असतो. मुलगा तीन वर्षांचा, मागची सीट चांगली पट्ट्यांची, हेल्मेट, सगळं होतं. किराणा दुकानासमोर साईड स्टँड लावला, त्याला सीटमध्येच ठेवून तेलाची पिशवी घ्यायला वळले. त्यानं समोरच्या फुग्याकडं हात केला आणि सायकल त्याच्यासकट कोसळली. पट्टा होता म्हणून तो सीटमधून बाहेर फेकला गेला नाही, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पण कोपर सुजलं, आणि तो आवाज मला आजही रात्री आठवतो. माझा हात त्याच्यापासून फार तर दोन हात लांब होता.

तेव्हापासून लेकरू सगळ्यात शेवटी चढतं आणि सगळ्यात आधी उतरतं. पिशवी, डबा, दप्तर आधी. आणि स्टँडवर असताना एक हात हँडलवर, एक लेकरावर, दुसऱ्या कशाला हात लावायचाच नाही. नवऱ्यानं साईड स्टँड काढून मोठं डबल स्टँड बसवून दिलं. ते लावायला ताकद लागते पण सायकल सरळ उभी राहते.

डबलसीट
रानवाराताईंचं म्हणणं मी वर लिहायला विसरलो होतो. मागच्या सीटला डबल स्टँड हवंच. आणि तेही सपाट जागेवर, डांबराच्या कडेला उतारावर नाही.

नेकारकाठ
जगात जर्मनी, भारतात परभणी! मूळ परभणीचा, सध्या श्टुटगार्टला. धागा बघून राहवलं नाही.

इथं लेकराला सायकलवर नेण्याचा कायदाच आहे. सात वर्षांपर्यंतच्या लेकराला सायकलवर नेता येतं, चालवणारा कमीत कमी सोळा वर्षांचा पाहिजे, लेकरासाठी वेगळी सीट पाहिजे आणि पाय तारांत जाऊ नये अशी आड चाकाला किंवा सीटला पाहिजे. बालाघाट डॉक्टरांनी जे हात लावून बघायला सांगितलं, तेच इथं कायद्यात लिहिलंय. वाचल्यावर मला तेच डोळ्यासमोर आलं, परभणीला आमच्या शेजारच्या काकांच्या सायकलला साडीसाठी लावलेली जाळी. ती साडीसाठी होती, पण आमचे पाय तिनंच वाचवले.

युरोपात या सीटांसाठी एक मानक आहे, ईएन १४३४४. त्यात पुढच्या सीटा ९ ते १५ किलोपर्यंतच्या, मागच्या २२ किलोपर्यंतच्या. मनू साडेबाराची आहे. म्हणजे पुढची सीट घेतली तर वर्ष-दीड वर्षात ती बाद होईल. मागची त्याच्यापुढंही बरीच वर्षं चालेल. सीटच्या खाली किंवा पाठीवर हा १४३४४ चा आकडा छापलेला असतो. पोलिस्पोर्ट, हामाक्स, थुले अशा कंपन्यांच्या सीटांवर तो दिसतो. खोक्यावर नाही, सीटवर बघा.

माझा मुलगा आता सहाचा आहे. दोन वर्षं तो मागं बसला. "पाठच दिसते" असं मांजराकाठ म्हणतात ते खरं, पण तो पाठीवर बोटानं अक्षरं काढायचा आणि मला ओळखायला लावायचा. क कमळाचा मी पाठीवरच शिकवला त्याला.

पिवळीज्वारी
पाठीवर क कमळाचा! उद्यापासून आमच्याकडं सुरू.

उदगीरचा_अण्णा
डॉक्टरांचं पटलं. पायाला आड पाहिजे. पण हेल्मेट आणि जर्मनी राहू द्या, आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री असतं. लेकराच्या डोक्याला हेल्मेट घातलं तर डोकं शिजेल.

तेरणेचं_पाणी
अण्णा, हेल्मेटला भोकं असतात, हवा खेळते. मी धाराशिवला तीन वर्षं लेकीला नेलं. खाली पातळ सुती दस्ती ओली करून, पिळून, डोक्याला बांधायची आणि वर हेल्मेट. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, मधे सायकल नाहीच. तिसऱ्या दिवसापासून हेल्मेट नसलं तर तीच ओरडायची.

उन्हाचं खरं दुखणं वेगळंच आहे. सायकल उन्हात उभी राहिली की पट्ट्याचं लोखंडी बक्कल आणि काळं प्लास्टिक इतकं तापतं की मांडीला चटका बसतो. सीटवर पांढरं फडकं टाकून ठेवा आणि बसवायच्या आधी बक्कलाला हात लावून बघा. एकदा विसरले. तिच्या मांडीवर बकलाच्या आकाराचा लाल चौकोन उमटला होता, संध्याकाळपर्यंत. त्या दिवशी मी जेवले नाही.

बाकी दोन-तीन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते. तुमच्या स्वतःच्या सीटखाली स्प्रिंगा असतात ना, लेकराची बोटं नेमकी तिथं जातात. तुम्ही खड्ड्यात आदळलात की स्प्रिंग मिटते आणि बोट आत. जुन्या ट्यूबची पट्टी कापून स्प्रिंगांभोवती गुंडाळा, झालं काम. ओढणी कमरेला खोचा किंवा मागं गाठ मारा. साडी असेल तर पदर पुढं घ्या. पाठीवर सॅक घेऊ नका, ती बरोबर लेकराच्या तोंडावर आदळते. सामान पुढच्या बास्केटमध्ये, तेही थोडंच.

आणि लेकरं झोपतात. परतीच्या वाटेवर हमखास. मान पुढं लोंबते. उंच पाठ आणि खांद्यावरून येणारे पट्टे त्यासाठी लागतात. पाठीला डोक्यामागं खोलगट जागा आहे का तेही बघा, नाहीतर हेल्मेटचा मागचा फुगा पाठीला टेकतो आणि लेकराची हनुवटी छातीला लागते.

गोदाकाठची
माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. मी पण आत्ताच सीट घेऊन ठेवू का?

बालाघाट
गोदाकाठची ताई, घेऊन ठेवा पण बसवू नका. एक वर्षाच्या आत नकोच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. आधाराशिवाय बसता येणं वेगळं आणि हेल्मेटचं वजन पेलून खड्ड्यांचे दणके मानेनं सोसणं वेगळं. पोटाला बांधून सायकल चालवणंही नको. पडलात तर बाळ तुमच्या आणि रस्त्याच्या मधे येतं.

मांजराकाठ
अण्णांच्या स्कूटीवरून आठवलं. मोटारसायकल आणि स्कूटरवर नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरासाठी २०२२ साली केंद्रानं नियम केलाय. लेकराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, डोक्याला हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हेल्मेट सायकलचंही चालतं. म्हणजे स्कूटी घेतली तरी हेल्मेटातून सुटका नाही अण्णा!

उदगीरचा_अण्णा
हरलो बाबा. नातवासाठी हेल्मेट आणतो. पण घंटी पाहिजे, ती मोठी, जुनी, ट्रिंग ट्रिंगवाली.

सोयाबीन
विषयाला थोडी बगल देतो. आमच्या गावात सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या सायकली आहेत, आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी मिळालेल्या. पोरींचं शिक्षण झालं, सायकल घरातच राहिली. आता त्याच सायकलींवर आयाबाया शेतात जातात, दळण आणतात आणि कॅरिअरवर लेकरू बसवून अंगणवाडीत सोडतात. सगळ्या लेडीज, आडवी दांडी एकीलाही नाही. म्हणजे शेवंतीताईंचा प्रश्न निम्म्या गावाचा आहे, आणि महागडी सीट त्यांतली एकही घेणार नाही. मग त्यांनी काय करायचं? वेल्डिंगवाल्या मामांना एकदम मोडीत काढू नका.

पिवळीज्वारी
आमच्याकडं २०१६ च्या दुष्काळात याच कॅरिअरवरून पाणी आणलंय. दोन्ही बाजूला कॅन लटकवून. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हाची गोष्ट. कॅरिअर कुरकुरलं पण मोडलं नाही.

डबलसीट
सोयाबीन भाऊ, मुद्दा अगदी बरोबर. पण पिवळीज्वारी, पाण्याचा कॅन खाली लटकतो, लेकरू वर बसतं. वजन तेवढंच असलं तरी वरचं वजन सायकल आडवी पाडतं. कॅन पाय झाडत नाही आणि झोपेत एका बाजूला कलत नाही. कॅरिअरनं कॅन पेलले म्हणून लेकरू पेलेल असं धरून चालू नका.

मामांची खुर्चीच करायची असेल तर मी सांगतो तशी करा. कॅरिअर बदलून जाड नळीचं घ्या, ज्याचे दोन्ही पाय खाली अॅक्सलजवळ वेगळ्या बोल्टनं बसतात आणि वर दोन ठिकाणी फ्रेमला धरतात. खुर्ची कॅरिअरला वेल्ड करू नका, बोल्टनं बसवा. वेल्ड गंजून आतून तडकतं, वरून रंगाखाली दिसत नाही. बोल्ट ढिला झाला तर हाताला कळतं. नट नायलॉकचे, आत प्लास्टिकची कडी असलेले, ते धक्क्यानं सुटत नाहीत. पाठ लेकराच्या डोक्यापर्यंत. कडा सगळ्या गोल, उघडी सळई कुठं नको. पट्टा कमरेचा एकटा नको, खांद्यावरून दोन आणि पायांच्या मधून एक. आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना मडगार्डपासून अॅक्सलच्या खालपर्यंत पत्रा, नाहीतर बारीक जाळी. जाळीच्या भोकात लेकराचा अंगठा जाता कामा नये. एवढं केलं तर मी स्वतः तिच्यावर लेकरू बसवीन.

बालाघाट
डबलसीट, तुमचं सगळं मान्य, फक्त खुर्चीबद्दल माझं मन अजून साशंक आहे. लोखंडी खुर्ची पडताना लवत नाही. प्लास्टिकची थोडी लवते, धक्का खाते. ज्यांना जमेल त्यांनी विकतचीच घ्यावी. ज्यांना नाही जमणार, त्यांनी निदान चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावावी, आजच. जाळीसाठी सीट यायची वाट बघायची गरज नाही. दिवसभरात त्याच कॅरिअरवर शेजारची चार लेकरं बसतात, त्यांचेही पाय वाचतात.

सोयाबीन
डॉक्टर, हे फार कामाचं बोललात. उद्या मामांकडं जातो. गावात मानव विकासच्या किती सायकली आहेत ते आधी मोजतो.

रानवारा
शेवंतीताई, काय ठरलं? जून आला की.

शेवंती
उशीर झाला, माफ करा. बालवाडी सुरू झाली, त्या गडबडीत होते. आता सगळं सांगते.

पुढची सीट सोडली. डबलसीट दादांनी सरकते म्हणून सांगितलं होतं, तरी मनातून जात नव्हती. शेवटी दुकानात जाऊन त्या दुकानदाराला म्हटलं, फक्त बसवून दाखवा, मी मनूऐवजी साखरेचं दहा किलोचं पोतं ठेवते. पोतं ठेवलं, दुकानापासून कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. सीट डावीकडं चार बोटं फिरली होती. दुकानदारही गप्प झाला.

मागची घेतली, नळीला ठोकळ्यानं बसणारी. ठोकळ्याची उंची आधी विचारली, चार बोटांत मावला, अगदी घासून. एक वर्षाचा रिक्षाचा खर्च लिहून काढला तेव्हा ह्यांना किंमत पटली. सीटवर तो १४३४४ चा आकडा आहे, खाली, उलटी करून बघावी लागली. पायाच्या खोबणी खोल आहेत. तरी डॉक्टरांनी सांगितलं तसा मनूचा पाय मी हातानं चाकाकडं ढकलून बघितला. उजवीकडं जात नाही. डावीकडं खोबणीच्या मागून, पट्टा सोडला तर, अंगठा तारेला टेकत होता. मनू हसायला लागली, तिला गुदगुल्या वाटल्या. मला घाम फुटला.

मग मामांकडं गेले. त्यांची हत्तीची खुर्ची नको म्हटल्यावर थोडे हिरमुसले होते, पण जाळीचं सांगितल्यावर लगेच उठले. बारीक भोकाची जाळी कात्रीनं अर्धगोल कापली, कडेला सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून घातली, म्हणजे धार लागत नाही. मडगार्डच्या काडीला आणि अॅक्सलजवळ दोन क्लॅम्पनं धरली. दोन्ही बाजूंना. पैसे द्यायला लागले तर म्हणाले, लेकराचं काम आहे, जाळीचे तेवढे द्या. डबल स्टँड लावलं. स्प्रिंगांना ट्यूब गुंडाळली.

पहिला दिवस सांगू? रात्रीच सायकलमध्ये हवा भरून ठेवली होती. सकाळी आधी डबा आणि दप्तर बास्केटमध्ये ठेवलं, मग मनूला बसवलं. ती पट्ट्याला "टक्" म्हणते, आवाज येतो म्हणून. आता टक् झाल्याशिवाय मला चढू देत नाही. सायकल मागून जड लागते, निघताना दोन पायडल हँडल डुगडुगतं, मग सरळ होते. ब्रेक नेहमीपेक्षा लवकर दाबावा लागतो, ते पहिल्याच गतिरोधकाला कळलं. तिथं आता उतरूनच चालते. रबड्याच्या तुकड्यावरही उतरते, चिखल मडगार्डमध्ये बसतो आणि चाक जाम होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना काळजी होती, लेकरू दिसणार नाही. तर मनू मागून सारखी बोलत असते. म्हैस दिसली, डुक्कर दिसलं, काका शिंकले. दिसत नाही, पण सगळं ऐकू येतं. गप्प झाली की समजायचं झोप आली, मग बाजूला घेऊन बघते.

मांजराकाठ
"काका शिंकले"! माझं मत मागं घेतलं. मागंच बसवा.

नेकारकाठ
पावसाळ्यात ठोकळ्याचे नट पंधरा दिवसांनी एकदा आवळून बघा. नवीन सीट बसली की पहिल्या महिन्यात थोडी ढिली होते.

उदगीरचा_अण्णा
ताई, घंटी लावली का?

शेवंती
अण्णा, घंटी माझ्या हँडलला, आणि मनूचा हात तिथं पोचत नाही म्हणून एक छोटी तिच्या सीटच्या कडेला. दोन्ही वाजतात. गल्लीत सगळ्यांना कळतं साडेआठ वाजले.

सोयाबीन
शेवंतीताई, मामांनी जाळी कापली तिचं माप टाकाल का? गावात एकवीस सायकली निघाल्या.

शेवंती
टाकते. सव्वीसच्या चाकाला अॅक्सलपासून मडगार्डपर्यंत तेहतीस सेंटिमीटर, रुंदी वरच्या बाजूला पन्नास. पण प्रत्येक सायकलला कागद लावून आधी आखून घ्या, मामा म्हणतात दोन सायकली सारख्या निघत नाहीत. संध्याकाळी फोटो काढून टाकते, मनू झोपल्यावर. आत्ता सायकलला हात लावला तर तिला वाटेल निघालो.